कोऱ्या कागदावरची सही

आपल्या वस्तीतल्या पोरांना फुटबॉलचे किती वेड आहे, हे वाचक भगिनींना आम्ही सांगायला नको. सहामाहीला गणितात बारा मार्क मिळवणारा पोरगा मेस्सीचे गोल मात्र वर्षवारीने घडाघडा म्हणून दाखवतो. अंगात जर्सी, पाठीवर सातासमुद्रापलीकडच्या माणसाचे नाव. आई कुरकुरते, बाप वरून रागावतो आणि आतून खूष असतो. आम्हाला यात वाईट काहीच दिसत नाही. पोरांनी धावावे, घाम गाळावा, गुडघे फोडून घ्यावेत. फक्त ज्याचे नाव पाठीवर मिरवायचे त्याची हकीकत पुरती ठाऊक असावी. मैदानातली तेवढी टीव्ही दाखवतो, मैदानाबाहेरची कोण सांगणार? म्हणून या खेपेला अशा एका खेळाडूबद्दल लिहितो, ज्याचे नाव आपल्याकडे कोणाच्या पाठीवर दिसत नाही.

त्याचे नाव गारिंचा. गाव ब्राझीलमधले.

ब्राझील म्हटले की आपल्याला पेले आठवतो. १९७७ साली तो कलकत्त्याला येऊन मोहन बागानविरुद्ध खेळून गेला होता. २०२२ च्या डिसेंबरात तो वारला तेव्हा आपल्याकडेही लोक हळहळले. पण ब्राझीलमधल्या जुन्या माणसांची गोष्ट वेगळी. त्यांना पेलेचा अभिमान असे, आणि जीव गारिंचावर असे. हे दोघे ब्राझीलच्या संघात जेव्हा जेव्हा एकत्र उतरले, तेव्हा ब्राझील एकदाही हरला नाही. एकाने पुढे मंत्रिपद पाहिले. दुसरा एकोणपन्नासाव्या वर्षी दारूने गेला. दोघेही गरिबाघरचेच. मग असे का झाले?

गारिंचाचे खरे नाव मानुएल फ्रान्सिस्को दोस सांतोस. जन्म २८ ऑक्टोबर १९३३ चा, रिओ शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या पाउ ग्रांडे गावातला. गाव म्हणजे काय, एक कापडगिरणी आणि तिच्या भोवती राहणारी माणसे. गिरणी चालवण्यात इंग्रजांचा हात. घरे गिरणीची, रोजगार गिरणीचा आणि फुटबॉलचा संघही गिरणीचाच. बाप गिरणीत पहारेकरी. त्याच्या घराण्यात एकीकडून त्या देशाच्या मूळ रहिवाशांचे रक्त होते आणि दुसरीकडून आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांचे. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ साली. म्हणजे या पोराच्या जन्माआधी अवघी पंचेचाळीस वर्षे. हा हिशेब आम्ही मुद्दाम मांडतो, कारण पुढे जे घडले त्यात त्याचा संबंध आहे.

पोर लहानखुरे. बहिणीने कौतुकाने एका इवल्याशा पाखराचे नाव ठेवले, तेच गारिंचा. पाय जन्मापासून वाकडे. एक आत वळलेला, दुसरा बाहेर, म्हणजे दोन्ही एकाच बाजूला झुकलेले. त्यातून एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड. आपल्याकडे असे पोर जन्माला आले तर शेजारीपाजारी काय काय बोलतील ते आठवा. बाप दारूडा. उसापासून काढलेली काशासा नावाची दारू तिथे पाण्यासारखी चालते आणि पोरांच्या तोंडालाही लवकर लागते. याच्याही लागली.

चौदाव्या वर्षी गारिंचा गिरणीत कामाला लागला. कामगार म्हणून अगदी टाकाऊ. झोपा काढी, दांड्या मारी. एकदा कामावरून काढूनही टाकले होते, पण गिरणीच्या संघाला त्याच्यावाचून चालेना म्हणून परत घेतले. आमच्या ज्या वाचकांनी गिरणीत आयुष्य काढले त्यांना हे लगेच कळेल. गिरणीच्या कबड्डी संघातल्या गड्याला मुकादम जसा सांभाळून घेई, तसेच हे.

विशीच्या आतच लग्न झाले. मुलगी नाईर, त्याच गिरणीत काम करणारी. पुढे या जोडप्याला एकामागून एक आठ मुली झाल्या. या आठ मुलींना वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता थोडे खेळाविषयी, कारण त्यात गोडी आहे आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रिओतल्या मोठ्या क्लबांकडे तो आधीही जाऊन आला होता. एका क्लबाने बूट नाहीत म्हणून परत पाठवले. दुसरीकडे चाचणी लांबली, गावाकडची शेवटची गाडी चुकेल म्हणून हाच मध्येच उठून निघाला. शेवटी १९५३ साली बोटाफोगो क्लबाने पाहिले. त्या दिवशी त्याच्यासमोर उभा होता निल्टन सांतोस, देशाच्या संघातला नावाजलेला बचावपटू. वाकड्या पायांच्या या पोराने त्याला चकवून चेंडू पुढे काढला. दुसरा एखादा चिडला असता. निल्टन सांतोसने क्लबवाल्यांना सांगितले, याला आजच घेऊन टाका, उद्या हा समोरच्या संघात दिसला तर माझी झोप उडेल. माणूस मोठा दिलाचा. पुढे आयुष्यभर गारिंचाला त्याचा आधार राहिला.

गारिंचा उजव्या कडेने खेळे आणि त्याची युक्ती एकच होती. चेंडू पायाशी घेऊन थांबायचे, अंग डावीकडे झुकवायचे आणि उजवीकडून निसटायचे. बस्स. नेहमी उजवीकडूनच. समोरच्याला हे ठाऊक, त्याच्या प्रशिक्षकाला ठाऊक, वर बसलेल्या लाखभर लोकांना ठाऊक. तरीही समोरचा फसायचाच. कारण पायच असे होते की हा कोणत्या क्षणी कुठे वळेल याचा अंदाज सरळ पायांच्या माणसाला लागत नसे. ज्या पायांची कीव करायची ते पाय लोकांना रडवून सोडत होते. १९५८ च्या सुरुवातीला मेक्सिकोत एका सामन्यात त्याने अर्जेंटिनाच्या बचावपटूला इतक्या वेळा चकवले की बैलांच्या झुंजीत मारतात तशी ‘ओले’ अशी आरोळी प्रेक्षकांनी प्रत्येक वेळी ठोकली. फुटबॉलच्या मैदानात ही आरोळी तेव्हापासून आली असे म्हणतात.

त्याच वर्षी स्वीडनमध्ये विश्वचषक होता. निघण्याआधी संघासोबतच्या मानसशास्त्रज्ञाने सगळ्या खेळाडूंची लेखी परीक्षा घेतली. गारिंचाला १२३ पैकी ३८ गुण मिळाले. या माणसावर मोठ्या सामन्याची जबाबदारी टाकता येणार नाही असा शेरा पडला. सतरा वर्षांच्या पेलेलाही, अजून बालबुद्धीचा आहे, असा शेरा होता. १९५० साली ब्राझील आपल्याच घरी, माराकानाच्या मैदानावर, उरुग्वेकडून हरला होता. तेव्हापासून काळ्या खेळाडूंचे काळीज ऐन वेळी कच खाते, असे बोलायची तिथल्या शहाण्यांना सवय लागली होती. त्या सामन्यातला काळा गोलरक्षक बार्बोसा याला तर मरेपर्यंत त्या एका गोलाचे बोल ऐकावे लागले. मोजपट्टी कोणाच्या हातात आहे यावर मापे ठरतात. आमच्या वाचकांना याहून जास्त समजावण्याची गरज नाही.

पहिले दोन सामने गारिंचा बाहेर बसला. तिसरा सामना १५ जूनचा, रशियाशी. त्या दिवशी पेले आणि गारिंचा दोघे उतरले. पहिल्या मिनिटात गारिंचाने बचाव फोडून मारलेला चेंडू खांबावर आदळला. लगेच पेलेचा वरच्या दांडीवर. तिसऱ्या मिनिटाला वावाने गोल केला. फुटबॉलमध्ये याहून चांगली तीन मिनिटे कोणी पाहिली नाहीत असे जाणकार आजही म्हणतात. अंतिम सामन्यात स्वीडनला ५-२ ने हरवले, त्यातले पहिले दोन गोल गारिंचाने उजवीकडून नेऊन दिलेल्या चेंडूंवर झाले. ब्राझील पहिल्यांदा जगज्जेता झाला. ३८ गुणवाला आणि बालबुद्धीवाला, दोघांनी मिळून केला.

१९६२ साली चिलीत तर गारिंचाने कमालच केली. दुसऱ्याच सामन्यात पेले जखमी होऊन बाहेर गेला आणि सगळा भार याच्या खांद्यावर आला. इंग्लंडविरुद्ध दोन गोल, उपांत्य फेरीत खुद्द चिलीविरुद्ध दोन गोल. त्या सामन्यात त्याने लाथेला लाथेने उत्तर दिले म्हणून पंचाने त्याला बाहेर काढले. नियमाने पुढचा सामना मुकायचा, पण वरपर्यंत हालचाली झाल्या आणि त्याला अंतिम सामना खेळू दिला. अंगात ताप असताना तो खेळला. ब्राझील पुन्हा जगज्जेता. चिलीच्या एका मोठ्या वर्तमानपत्राने मथळा दिला होता, गारिंचा कोणत्या ग्रहावरून आला आहे? त्याला लोकांनी नाव दिले ‘लोकांचा आनंद’. याच नावाने १९६३ साली त्याच्यावर चित्रपटही निघाला.

आता पैशाकडे वळू. आमच्या मते गारिंचाची खरी हकीकत इथे आहे.

जगज्जेत्या संघाचा हा खेळाडू बोटाफोगो क्लबाने पुढे केलेल्या कोऱ्या करारपत्रावर सही करून मोकळा होई. आकडा क्लबवाले मागाहून भरत. आमच्या पणजोबांच्या पिढीने सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठे उठवले, कारण त्यांना अक्षरओळख होऊ दिली नव्हती. याला सही तर येत होती! पण कागद वाचून घ्यावा, रक्कम विचारावी, हे त्याला कोणी सांगितले नाही. सांगण्यात कोणाचा फायदाही नव्हता. क्लबाला परदेशी सामन्यांची निमंत्रणे येत ती गारिंचासाठी, मैदाने भरत ती गारिंचासाठी. आणि गारिंचा राहायला होता पाउ ग्रांडेमध्येच, गिरणीच्या घरात. एकदा बँकेची माणसे त्याचा हिशेब लावून द्यायला घरी गेली तर कपाटामागे, पोरींच्या गादीखाली नोटा कोंबलेल्या. काही तर ओल लागून कुजलेल्या.

बरे, करार संपला की दुसऱ्या क्लबाकडे जावे, तर तीही सोय नव्हती. ब्राझीलमध्ये ‘पासे’ नावाची पद्धत होती. कराराची मुदत संपली तरी खेळाडूवरचा हक्क क्लबाकडेच राही. क्लब सोडेल तेव्हाच त्याने जायचे, आणि तेही विकला जाऊन. गुलामगिरी मोडलेल्या देशातली ही पद्धत. ती मोडायला १९९८ साल उजाडावे लागले. पेले तेव्हा क्रीडामंत्री होता आणि ज्या कायद्याने ती गेली त्याला त्याचेच नाव पडले. पेलेला स्वतःलाही तरुणपणी भागीदारांनी पैशात बुडवले होते. पण तो त्यातून शिकला, हिशेब पाहू लागला, परदेशात नाव विकायचे कसे ते त्याला कळले. घरच्या बाबतीत मात्र त्यालाही धुतल्या तांदळासारखा म्हणता येणार नाही. त्याच्या एका मुलीला बापाचे नाव लावण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली होती, हे पेलेच्या चाहत्यांनी विसरू नये.

गारिंचाविषयी मात्र सगळे एकाच सुरात बोलत, फार भोळा हो. त्याच्या भोळेपणाच्या गोष्टी ब्राझीलमध्ये घरोघर सांगतात. स्वीडनमध्ये त्याने हौसेने रेडिओ घेतला. संघातल्या कोणीतरी म्हटले, अरे वेड्या, हा तर स्वीडिश भाषाच बोलतो, तुझ्या गावात काय कामाचा? झाले, याने तो पडेल किमतीला देऊन टाकला. दुसरी गोष्ट अशी की प्रशिक्षक फळ्यावर रशियाविरुद्धचा डाव समजावत होता, याने शेवटी विचारले, हे सगळे रशियनांना सांगितले आहे ना? तिसरी अशी की समोरच्या बचावपटूचे नावसुद्धा तो लक्षात ठेवत नसे, सगळ्यांना एकच नाव, ‘जोआओ’. गोष्टी मजेदार आहेत, आम्हीही हसलो. पण रुय कास्त्रो या लेखकाने १९९५ साली गारिंचाचे मोठे चरित्र लिहिले, त्यात त्याने दाखवून दिले की यातल्या पुष्कळ गोष्टी क्रीडा-पत्रकारांनी रचलेल्या होत्या.

का रचल्या असतील? पेपर खपतो हे एक. पण आम्हाला दुसरेही कारण दिसते. जो भोळा आहे त्याला पैसा कशाला हवा? पाखरू ते, त्याला दाणे टाकले की झाले. गिरणीतल्या काळ्यासावळ्या पोराचे एकदा पाखरू केले की त्याच्याशी माणसासारखा व्यवहार करण्याची जबाबदारी संपते. भोळेपणाची अशी तारीफ आपल्या लोकांच्याही वाट्याला फार आली आहे. इनामदाराच्या वाड्यावर ‘इमानी गडी’ म्हणून ज्याची पाठ थोपटत, त्याच्या नावावर किती जमीन झाली ते सर्वांना ठाऊक आहे.

ब्राझीलमध्ये या लबाडीला नकार देणारे कोणी झालेच नाहीत असे मात्र नाही. गारिंचाच्या जन्माआधीची गोष्ट. १९२३ साली रिओची स्पर्धा वास्को द गामा या क्लबाने जिंकली, आणि त्यांचा संघ होता काळ्या आणि कष्टकरी खेळाडूंचा. श्रीमंत क्लबांना ते सोसवेना. त्यांनी पुढच्या वर्षी वेगळी संघटना काढली आणि वास्कोला निरोप धाडला की तुमचे बारा खेळाडू काढा, मगच आत या. कारणे अशी की त्यांना धड नोकरीधंदा नाही, धड लिहितावाचता येत नाही. वास्कोच्या अध्यक्षाने एप्रिल १९२४ मध्ये पत्र लिहून कळवले की आमची माणसे काढून आम्ही येणार नाही. त्यांनी बाहेर राहणे पसंत केले आणि १९२७ साली स्वतःचे मोठे मैदानही बांधले. ते पत्र आजही तिथे अभिमानाने दाखवतात.

गारिंचानेही एकदा तोंड उघडले. १९६३ च्या सुमारास त्याने क्लबाकडे वाढवून पैसे मागितले. लगेच बोलणे सुरू झाले, पैशाने बिघडला, त्या बाईने बिघडवला.

त्या बाईचे नाव एल्झा सोआरेस. तिच्याविषयी लिहिल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही. रिओच्या झोपडपट्टीतली काळी मुलगी. बारा-तेरा वर्षांची असताना बापाने लग्न लावून दिले, लगेच मूल. पोटाला नाही म्हणून मुले दगावली. एकविसाव्या वर्षी विधवा. पोराच्या औषधाला पैसे हवेत म्हणून १९५३ च्या सुमारास रेडिओवरच्या गाण्याच्या स्पर्धेत गेली. आईचा झगा अंगाला मोठा, तो पिना लावून आवळलेला. ध्यान पाहून लोक हसले. कार्यक्रम चालवणारे बडे संगीतकार होते, त्यांनी थट्टेने विचारले, बाई, तू कोणत्या ग्रहावरून आलीस? ती म्हणाली, तुम्ही ज्या ग्रहावरचे त्याच ग्रहावरून, भुकेच्या. सभागृह गप्प झाले. मग ती गायली. पुढे ती सांबा संगीतातली देशातली मोठी गायिका झाली.

१९६२ साली गारिंचा आणि एल्झा जवळ आले. घरी नाईर आणि मुली. ब्राझीलमध्ये तेव्हा कायद्याने घटस्फोट नव्हताच, तो आला १९७७ साली. गारिंचा घर सोडून एल्झाकडे राहायला गेला. नाईरला पोटगीसाठी कोर्टात जावे लागले. आणि सारा देश तुटून पडला तो एल्झावर. घर फोडणारी, पैशाला चटावलेली, काय काय नावे ठेवली. घरावर दगड पडले. रेडिओवर तिची गाणी लागेनाशी झाली. गारिंचाचा खेळ उतरू लागला त्याचे खापरही तिच्यावर. वास्तविक ती स्वतः गाऊन कमावत होती आणि कितीतरी दिवस घर तिच्याच गळ्यावर चालले. दारूच्या गुत्त्यांतून फिरून ती मालकांना हात जोडून सांगे, याला देऊ नका. पण जगज्जेत्याला एक पेला पाजल्याचे पुण्य कोणाला नको होते? जो तो पाजत होता. चाहतेच पाजत होते.

खेळ का उतरला याचे कारण गुडघ्यात होते. वाकड्या पायाने अंग झोकून वळायचे, वर्षानुवर्षे, त्यात गुडघ्यातली कूर्चा झिजून गेली. दुखू लागले की सुई टोचायची आणि मैदानात सोडायचे. विश्रांती दिली तर तिकिटे कशी खपणार? शस्त्रक्रिया झाली ती १९६४ साली, उशिराच. १९६६ साली क्लबाने त्याला दुसरीकडे विकून टाकले. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या विश्वचषकात १५ जुलैला हंगेरीने ब्राझीलला ३-१ ने हरवले. गारिंचा खेळत असताना ब्राझील हरला असा तो एकमेव सामना, आणि देशाकडून त्याचा शेवटचा.

मग उतरणच. १९६९ साली गाडी चालवत असताना लॉरीवर आदळली, शेजारी बसलेली एल्झाची आई जागीच गेली. तो मनाने खचला तो कायमचा. पुढच्या वर्षी त्यांच्या घरावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा दोघे इटलीला निघून गेले. तिथे जगज्जेता गारिंचा ब्राझीलच्या कॉफीची जाहिरात करत उभा राही. १९७३ च्या डिसेंबरात माराकानावर त्याच्या निरोपाचा सामना झाला, सव्वा लाखाच्या वर लोक आले, रडले.

इथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे. गारिंचावर अन्याय झाला म्हणून त्याने केलेला अन्याय झाकावा, असे आम्ही मानत नाही. दारूच्या नशेत तो एल्झाला मारी. तिचे दात पडले. हे तिने नंतर स्वतः सांगितले आहे. १९७७ साली लहान मुलाला घेऊन ती वेगळी झाली. आठ मुली त्याने नाईरच्या पदरात टाकल्या त्या टाकल्याच, शिवाय आणखीही ठिकठिकाणी मुले, स्वीडनमध्येसुद्धा एक. क्लबाने लुबाडले म्हणून बायकोवर हात टाकायचा, हे आपल्या चाळींतून आणि वस्त्यांतून आम्ही पुष्कळ पाहिले आहे. मालकापुढे खाली घातलेली मान घरी आल्यावर वर करायची. आमच्या भगिनींना त्याचा हिशेब तोंडपाठ आहे.

२० जानेवारी १९८३ ला गारिंचा रिओमध्ये वारला. यकृत पार नासले होते. माराकानात अंत्यदर्शनाला ठेवला. मग अग्निशामक दलाच्या गाडीवरून शव पाउ ग्रांडेकडे निघाले, रस्त्याच्या दुतर्फा हजारो लोक. गावाजवळच्या दफनभूमीत पुरले आणि दगडावर लिहिले, लोकांचा आनंद असलेला माने गारिंचा इथे विसावला आहे. राजधानीतल्या मोठ्या स्टेडियमला त्याचे नाव आहे. आणि २०१७ साली काही सन्मान करायचा म्हणून चौकशी केली, तर दफनभूमीच्या माणसांना त्याचे अवशेष नेमके कुठे आहेत ते छातीठोकपणे सांगता येईना. तिकडच्या वर्तमानपत्रांतून त्याचा बराच गवगवा झाला.

कास्त्रोच्या चरित्रावरून मुली कोर्टात गेल्या होत्या. बापाच्या खासगी गोष्टी विकून दुसऱ्याने पैसे का करावेत, असा त्यांचा सवाल. पुस्तकाची विक्री काही काळ थांबली आणि पुढे कोर्टाने त्यांना भरपाई मंजूर केली. चरित्र चांगले आहे, लेखकाने मेहनत घेतली आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण मुलींनी दावा लावला हे आम्हाला आवडले. त्या घरात कागद वाचून घेणारे कोणीतरी अखेर निघाले.

एल्झाचे पुढे काय झाले? गारिंचापासून झालेला तिचा मुलगा १९८६ साली मोटार अपघातात गेला, नऊ वर्षांचा होता. ती कोलमडली, देश सोडून गेली, परत आली, पुन्हा गाऊ लागली. २०१५ साली, ऐंशी पार केल्यावर, तिने नवा संग्रह काढला. त्यातल्या एका गाण्यातली बाई अंगावर हात टाकणाऱ्या पुरुषाला फोन उचलून तक्रार करीन म्हणून बजावते. तिथल्या तरुण मुलींनी ते गाणे उचलून धरले. शेवटपर्यंत ती कार्यक्रम करत राहिली. मरणाच्या दोन दिवस आधी साओ पावलोच्या मोठ्या नाट्यगृहात ध्वनिचित्रमुद्रणासाठी गायली होती. गेली ती राहत्या घरी, शांतपणे, ९१ व्या वर्षी. तारीख होती २० जानेवारी, साल २०२२. गारिंचा गेला त्याला त्या दिवशी बरोबर एकोणचाळीस वर्षे झाली होती.